गाथा आणि शुभवर्तमान

फाल्गुन वद्य द्वितीया उजाडली, की देहूकडे जाणाऱ्या साऱ्या वाटा टाळमृदंगाच्या नादाने जाग्या होतात. इंद्रायणीच्या घाटावर पहाटेपासून स्नानाची गर्दी उसळते. मध्यान्हीचा सूर्य माथ्यावर येतो, वैकुंठगमन मंदिरापाशी नांदुरकीच्या वृक्षाखाली चाललेले कीर्तन शिगेला पोहोचते, आणि त्याच घटकेला त्या झाडाची पाने सळसळतात या श्रद्धेने हजारो डोळे वर लागलेले असतात. फुले उधळली जातात, तुकोबारायांच्या नावाचा गजर होतो आणि मग सारा जनसागर हळूहळू शांत होत जातो.

बीजेला आलेला भाविक शिळेचे दर्शन घेतल्यावाचून परतत नाही. २०२२ साली लोकार्पण झालेल्या नव्या शिळामंदिरात ती शिळा आहे. वह्या इंद्रायणीत बुडविल्यावर ज्या शिळेवर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले, तीच ही, अशी परंपरा आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला, शूद्राच्या मुखातून प्राकृत भाषेत वेदार्थ प्रकट होतो हे त्यांना सोसले नाही, म्हणून अभंगांच्या वह्या पाण्यात गेल्या आणि तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या. ही कथा मराठी घरातील लहान मूलही जाणते. परंतु इंद्रायणीने तुकोबांचे कागद एकदा नव्हे, दोनदा पोटात घेतले, हे मात्र तितकेसे आठवले जात नाही. वह्यांच्या आधी कितीतरी वर्षे, दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर, घराण्याच्या सावकारीची खतपत्रे तुकोबांनी बाहेर काढली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांनी त्यांना दिला. आपल्या वाट्याची खते मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने इंद्रायणीत सोडली. ती वर आली नाहीत, आणि ती वर यावीत अशी तुकोबांनी कधी इच्छाही केली नाही.

या दोन विसर्जनांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्याने येणे बुडविले, त्याचेच शब्द तरले. हा संबंध आज बीजेच्या दिवशी एका अनपेक्षित बाजूने उलगडून पाहावयाचा आहे. ती बाजू म्हणजे मराठी कॅथलिक ख्रिस्ती बांधवांचे शास्त्रचिंतन. बीजेच्या पानावर ख्रिस्ती विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देहूच्या अंगणातच आहे. ज्या पुणे धर्मप्रांतात देहू येते, त्याचे २००९ ते २०२३ या काळातील बिशप थॉमस डाबरे हे मूळचे वसईचे. त्यांनी विद्वत्तेचा विषय म्हणून निवडले ते कोणा युरोपीय तत्त्वज्ञाला नव्हे, तर तुकोबारायांना. तुकोबांचा देवानुभव आणि त्यातील धार्मिक प्रतीके यांवरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९८७ साली पुण्यात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. गळ्यात क्रूस असलेला एक धर्माधिकारी वर्षानुवर्षे गाथा उघडून बसतो, हे दृश्य कल्पनेतले नव्हे, आपल्याच शेजारचे आहे.

शेजार हा शब्द येथे अगदी अक्षरशः घ्यावा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड या पट्ट्यात कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबेही आली. एकाच पाळीला जाणारे, एकाच चाळीत राहणारे हे लोक रविवारी सकाळी मुलाबाळांसह कोठे जातात आणि तेथे काय ऐकतात, याविषयी आपण क्वचितच विचारपूस करतो. नाताळचा केक आणि दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण झाली, की शेजारधर्म पार पडला असे आपण समजतो. असो.

मराठी भाषेत ख्रिस्ती शास्त्रचिंतन सुरू झाले ते तुकोबांच्याही आधी. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात गोव्याच्या बंदरात उतरला आणि पुढील चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, त्याच परिसरात राहिला. त्याचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तो येथील भाषा शिकला, आणि तिच्या प्रेमात पडला. १६१६ साली रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराच्या कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. तुकोबांचा जन्म १६०८ सालचा धरला, तर तेव्हा ते अवघे आठ वर्षांचे होते. देहूच्या मोऱ्यांच्या घरात वाणीपणाचे धडे गिरविणारा हा मुलगा आणि कोकण किनाऱ्यावर ओवी जुळविणारा तो परदेशी धर्मगुरू, यांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

या ग्रंथाचा जन्म कसा झाला, हे हिंदू वाचकाने डोळे उघडे ठेवून समजून घेतले पाहिजे. साष्टीतील देवळे सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने पाडली. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालयाचा अंमल सुरू झाला होता. धर्मांतरित झालेल्या लोकांकडून त्यांची पुराणे, त्यांच्या पोथ्या, त्यांची गाणी काढून घेण्यात आली. या गोष्टी सौम्य करून सांगण्याचे कारण नाही, त्या घडल्या. स्टीफन्स त्याच राजसत्तेच्या छायेत वावरत होता, हेही खरे. परंतु त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्याला विचारतो, की मुलांना शिकविता ती धर्माची प्रश्नोत्तरे चांगली आहेत. पण जुनी पुराणे वर्ज्य झाल्यावर आम्ही वेळोवेळी वाचावे असे आमच्या भाषेत आता आहे तरी काय? हा प्रश्न साधा नाही. ज्याचे गाणे गेले त्याने देवाला हाक कशी मारावी, अशी ती वेदना आहे. ख्रिस्तपुराण हे त्या वेदनेला दिलेले उत्तर होय.

आणि उत्तर दिले ते ओवीत. स्टीफन्सने आपल्या मायदेशीच्या कोणत्याही वृत्ताची उसनवारी केली नाही. आरंभी नमन, मग श्रोत्यांशी संवाद, मग कथा, असा पोथीचा परिचित घाट त्याने स्वीकारला. मराठी भाषेची थोरवी गाताना त्याने रत्न, फूल आणि सुगंध यांच्या उपमा अशा लीलेने वापरल्या आहेत, की तो भाग मराठीच्या अभ्यासकांनी डोक्यावर घेतला. ख्रिस्ती स्वर्गासाठी त्याने जो शब्द योजला तो तर वाचकांस चकित करील: वैकुंठ. आज बीजेच्या दिवशी ज्या शब्दाचा देहूत अखंड उच्चार होतो, तोच शब्द.

पुढे या ग्रंथाचे जे झाले, ते ऐकून गाथेची कथा आठवल्याखेरीज राहत नाही. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ साली पोर्तुगीज राज्यपालाने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे फर्मावले. ज्या भाषेत धर्म सांगितला तीच भाषा आता नकोशी झाली. जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही, कारण कोकण आणि मंगळूर परिसरातील भाविक कुटुंबांनी तो हाताने उतरून घेतला होता, उपवासकाळात संध्याकाळी एकत्र बसून गायिला होता. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला जोसेफ सलडाणा यांनी तो पुन्हा छापून काढला, आणि १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली. राजाज्ञेने बुडविलेला ग्रंथ लोकांच्या कंठाने वर काढला. संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी गाथेच्या बाबतीत केले, तेच हे कार्य.

त्यानंतरचा दीर्घ काळ भराभर ओलांडून जाण्यास हरकत नाही. प्रवचने आणि प्रार्थनापुस्तके मराठीत होत राहिली. १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइट धर्मगुरूने नगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यातून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. वसईतून ‘सुवार्ता’ निघू लागले. खेड्यापाड्यांतील कॅथलिक घरांना शास्त्रवचनांवरील चिंतन मराठीतून पोहोचविण्याचे काम या मासिकांनी केले. मात्र वेदीवरील मुख्य उपासना, जिला मिस्सा म्हणतात, ती लॅटिन भाषेतच चाले. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरली. तिने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेत मातृभाषेला वाट मोकळी करून दिली, आणि १९६५ च्या नोव्हेंबरात, शास्त्राचा ग्रंथ सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध झाला पाहिजे, असा स्पष्ट आदेश दिला. देवाचे बोलणे पंडितांच्या भाषेत बंदिस्त असावे की चाकरमान्याच्या आणि शेतकऱ्याच्या भाषेत यावे, हा इंद्रायणीकाठी सतराव्या शतकात लढला गेलेला वाद रोमसारख्या ठिकाणी विसाव्या शतकात निकाली निघाला. आपल्याकडे ज्ञानोबांनी आणि तुकोबांनी तो आधीच जिंकून ठेवला होता, एवढा अभिमान मराठी माणसाने बाळगण्यास प्रत्यवाय नसावा.

आता हे लोक शास्त्र वाचतात तरी कसे? रविवारच्या मिस्सेत बहुधा जुन्या करारातील एक उतारा, एक स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतील एक भाग आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातील एक प्रसंग वाचला जातो. शुभवर्तमान वाचताना सर्वजण उभे राहतात. हे वाचन तीन वर्षांच्या चक्रात बांधलेले आहे. ही व्यवस्था १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. त्यामुळे एखाद्या रविवारी पिंपरीत जो उतारा वाचला जातो, तोच त्या दिवशी वसईत, गोव्यात आणि रोममध्येही वाचला जातो. वाचनानंतर धर्मगुरू त्यावर प्रवचन करतो. येथवरचे सर्व आपल्या ओळखीचे आहे. निरूपणासाठी घेतलेला अभंग आणि त्यावरील कीर्तन याहून ते फारसे निराळे नाही.

परंतु घरी गेल्यावर काय, हा खरा प्रश्न. बाराव्या शतकात फ्रान्समधील एका मठाचा प्रमुख, ग्विगो त्याचे नाव, याने शास्त्रवाचनाची एक शिडी सांगितली आहे. तिला चार पायऱ्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. अन्नाचा दृष्टान्त देऊन त्याने सांगितले, की वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव लागते आणि ध्यान म्हणजे प्रत्यक्ष गोडी. जुन्या ख्रिस्ती मठांतून या मननाला रवंथ असेच म्हणत. गाईने चारा खाऊन मग निवांत बसून पुन्हा चघळावा, तसे वचन चघळावे. श्रवण, मनन, निदिध्यासन ही उपनिषदातील परंपरा ज्या घरात ठाऊक आहे, तेथे या शिडीचे नवल वाटणार नाही. फक्त तिसऱ्या पायरीकडे लक्ष द्यावे. मनन झाल्यावर ग्विगो एकदम मौनात जात नाही; तो आधी देवाशी बोलतो, मागतो, रडतो. तुकोबांचे करुणापर अभंग ज्याने एकांतात वाचले आहेत, त्याला ही पायरी अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

एक उदाहरण घेऊ. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक कथा आहे. एका राजाने हिशेब मागितला, तेव्हा एका सेवकाकडे दहा हजार टॅलंट येणे निघाले. टॅलंट हे त्या काळचे मोठे परिमाण. एका टॅलंटचे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे. फेडणे अशक्य. सेवक पाया पडला, मुदत मागू लागला. राजाला कळवळा आला आणि त्याने सगळेच ऋण सोडून दिले. तो सेवक बाहेर पडतो न पडतो तोच त्याला एक सोबती भेटला, जो त्याचे शंभर दिनार देणे लागत होता. त्याने त्याची मानगूट धरली. तोही पाया पडला, त्यानेही मुदत मागितली. याने ऐकले नाही, त्याला तुरुंगात टाकले. राजाच्या कानी ते गेले आणि दिलेली सूट परत घेतली गेली.

वाचनाची पायरी येथे संपते. मननाच्या पायरीवर साधक तपशिलांशी थांबतो. दोघेही कर्जदार एकाच प्रकारे विनवितात, हे त्याच्या ध्यानात येते. बाहेर पडताच, असा शब्द आहे. म्हणजे कृपा विसरण्यास फारसा वेळ लागला नाही. शंभर दिनार हीही काही क्षुल्लक रक्कम नव्हे, तीन-सव्वातीन महिन्यांची मजुरी आहे. तेव्हा त्या सेवकाचा दावा कायद्याने खोटा नव्हता, ही गोष्ट टोचू लागते. मग तो स्वतःला विचारतो: मी कोणाची मानगूट धरली आहे? तो भाऊ असेल, भाडेकरू असेल, हाताखालचा कामगार असेल. प्रार्थनेच्या पायरीवर तो हे नाव देवापुढे घेतो. आणि मंगळवारी किंवा बुधवारी, कामाच्या दिवशी, त्या माणसाला गाठून काय करतो, त्यावर रविवारचे वाचन झाले की नाही हे ठरते. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात म्हटले आहे, की वचन नुसते ऐकणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच आपण कसे दिसतो ते विसरणाऱ्यासारखा असतो.

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही हाच व्यवहार आहे. मत्तयाच्या मूळ ग्रीक पाठात तेथे पापासाठी जो शब्द आला आहे त्याचा थेट अर्थ ऋण असा आहे, आणि प्रॉटेस्टंट पंथीयांच्या मराठी बायबलात तो ऋण म्हणूनच उतरला आहे. आमचे ऋण सोड, जसे आम्ही इतरांचे सोडले. या अटीवर रोज स्वाक्षरी करणे हे काही सोपे काम नाही. जुन्या करारात तर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि गुलाम मोकळे व्हावेत, अशी आज्ञा आहे. तिच्याच आठवणीने कॅथलिक लोक ज्युबिली वर्ष पाळतात. २०२५ हे तसे वर्ष म्हणून पाळले गेले, आणि त्याची घोषणा करताना पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांची कर्जे सोडण्याची विनंती केली होती. ती कितपत मानली गेली, हे निराळे सांगावयास नको.

येथे आपण पुन्हा इंद्रायणीच्या काठी येतो. तुकोबांनी हे पुस्तक वाचले नव्हते. दुष्काळात रखुमाबाई आणि संतू गेल्यावर, व्यापार बुडाल्यावर, डोंगरावर विठ्ठलाला हाक मारून परतलेल्या या वाण्याने कागद पाण्यात सोडले, तेव्हा ज्यांचे देणे माफ झाले त्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. कान्होबांचा वाटा मात्र त्यांनी बुडविला नाही, ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. दुसऱ्याच्या हक्कावर त्यांनी आपले वैराग्य लादले नाही. आज चाकण, तळेगाव, देहू, आळंदी या टापूत जमिनीला आलेला भाव आपण पाहतो, त्यापायी भावाभावांत उभे राहिलेले दावे पाहतो. ज्या घरांत गाथेचे पारायण होते, तीही घरे त्यातून सुटलेली नाहीत. ज्या घरांत शुभवर्तमान वाचले जाते, तीही नाहीत.

ख्रिस्ती माणसे तुकोबांकडे ओढली गेली याचे मूळ कदाचित येथेच असावे. कवी नारायण वामन टिळक हे कॅथलिक नव्हेत, प्रॉटेस्टंट. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत, आणि त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी पुढे अभंग व कीर्तन यांचाच आश्रय केला. गी दलरी हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू वारीत पायी चालले. त्यांनी केलेला तुकोबांच्या निवडक अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, आणि विठ्ठल संप्रदायावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. अनुवादाच्या नावातच त्यांनी अभंगांना यात्रेकरूची स्तोत्रे म्हटले आहे. बायबलातील स्तोत्रांसाठी असलेला शब्द त्यांनी तुकोबांना देऊ केला.

आपल्या काळात हा धागा ज्यांनी सर्वांत ठळकपणे हाती धरला, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या शेतकरी समाजात १९४३ साली त्यांचा जन्म झाला, १९७२ साली ते धर्मगुरू झाले, आणि जवळजवळ पाव शतक त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. त्यांच्या संपादनाखाली हे मासिक चर्चच्या अंगणातून बाहेर पडून मराठी वाङ्मयाच्या ओसरीवर आले. संपूर्ण बायबल आजच्या वाचकास समजेल अशा मराठीत आणण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले आणि २०१० साली ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले. त्यातील भाषा वाचताना, हा माणूस संतवाङ्मय वाचून वाढला आहे, हे पानोपानी जाणवते. तुकोबांचा दाखला तर त्यांच्या बोलण्यात नित्य येई.

पण ते नुसते लिहीत बसले नाहीत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यावर, तेथील विहिरींवर आणि बागायतीवर बांधकामाचे आक्रमण सुरू झाले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात हा धर्मगुरू पुढे उभा राहिला. त्या पट्ट्यात बेकायदा बांधकाम करणाऱ्यांचा दरारा किती होता, हे तेथील जुने लोक सांगतात. वचनाचे चिंतन करणाऱ्याने पाण्याच्या आणि जमिनीच्या भांडणात का पडावे, असा सवाल त्यांच्याच समाजातून आला असल्यास नवल नाही; वारकऱ्यालाही तो विचारला जातोच. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हा मान मिळविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला, निषेध झाला. प्रकृती साथ देत नसताना ते आले आणि त्यांनी आपले अध्यक्षीय भाषण केले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. दोन्ही धर्म एकच सांगतात, असे म्हणून हात झटकणे फार सोपे असते. भाषणांतून ते नेहमी ऐकू येते. ते खरे नाही. ख्रिस्ती श्रद्धेत अवतार एकदाच झाला, मनुष्यजातीचे ऋण एकाने क्रुसावर फेडले, आणि त्या घटनेची साक्ष जगाला देणे हे कर्तव्य मानले जाते. वारकऱ्याचा विठोबा युगानुयुगे विटेवर उभा आहे, त्याला कोणाचे मत बदलावयाचे नाही. धर्मांतराचा प्रश्न आपल्या समाजात दुखरा आहे आणि गोव्याचा इतिहास विसरून त्यावर बोलता येत नाही. बिशप डाबरे कॅथलिकच राहिले, फादर दिब्रिटोही राहिले. गाथा वाचून त्यांनी माळ घातली नाही, आणि आपणही शुभवर्तमान वाचले म्हणून आपली माळ उतरवावी असे नाही. भेद जागच्या जागी ठेवूनही शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातील पोथी आदराने ऐकता येते. आषाढवारीसाठी तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो आणि तेथे आरती होते. देहूकरांनी कोणत्याही परिषदेची वाट न पाहता ही रीत चालू ठेवली आहे.

बीज बहुतेक वर्षी कॅथलिकांच्या उपवासकाळात येते. भस्म बुधवारी कपाळी राख लावून हा काळ सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. रविवार वगळता त्यात चाळीस दिवस उपवास, प्रार्थना आणि दानधर्म पाळावयाचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी चौदा ठिकाणी थांबत क्रुसाची वाट केली जाते. या काळातील प्रत्येक दिवसाचा उतारा ठरलेला आहे. तिसऱ्या आठवड्यातील मंगळवारी, बहुतेक वर्षी, सहा कोटी दिवसांचे ऋण माफ होऊनही शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरणाऱ्या त्या सेवकाची गोष्ट वाचली जाते.